तिसऱ्या भागाचं अक्षर

१

फोल्डरची नाडी सोडताना देवदत्त सबनीस गुणगुणत होता. कागद मोजता मोजता त्याचं गुणगुणणं थांबलं. त्यानं पुन्हा मोजले. मग खुर्चीत बसला आणि कोरड्या आवाजात म्हणाला, "स्वप्ना, तिसरा भाग नाहीये."

कुवेतच्या बनेद अल-गार भागातल्या फरहतआपांच्या फ्लॅटमध्ये शुक्रवारची दुपार उतरत होती. खालच्या मशिदीतून असरची अजान नुकतीच संपली होती. जेवणाच्या टेबलावर पिवळे पडलेले एकोणचाळीस कागद पसरले होते. असायला हवे होते पंचेचाळीस.

"नीट बघ ना. मागंपुढं झाले असतील," स्वप्ना म्हणाली.

"पहिला भाग चौदा पानं, दुसरा नऊ, चौथा सोळा. तिसरा सहा. काल रात्री मी स्वतः मोजून ठेवले, शोकेसला कुलूप लावलं, किल्ली आपांच्या साखरेच्या डब्याखाली ठेवली. आपण सगळ्यांनी पाहिलं."

दारात उभ्या असलेल्या फरहतआपांनी पदर तोंडाला लावला. "या अल्ला. माझ्या घरातनं?"

स्वप्नानं उरलेला एक कागद अलगद उचलला आणि ती थबकली. त्याच्या खाली दुधी रंगाचा पातळ कागद होता. प्रत्येक दोन पानांमध्ये तसाच एक. "हे काय? हे तू घातलंस?"

देवदत्तनं मान हलवली. काल हे नव्हतं.

स्वप्नानं फोन काढला. ती ज्या सरकारी इस्पितळाच्या लॅबमध्ये काम करते, तिथं हरवलेलं काही शोधायचं झालं की सगळे एकाच बाईकडे जातात.

२

हफिजा मुकादम एकतीस वर्षं त्या इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात होती. मूळची दाभोळची. नवरा वारल्यावर लोक म्हणाले, आता गावी जा; पण तिला तळघरातल्या फायलींचा लळा लागला होता. सध्या जुन्या, हाताने लिहिलेल्या फायली कॉम्प्युटरवर चढवायचं काम तिच्याकडे होतं. डॉक्टरांचं कसलंही कोंबड्याच्या पायाचं अक्षर ती वाचायची. माणसाला एकवेळ विसरेन, अक्षराला नाही, असं ती स्वतःबद्दल म्हणे.

सालमियाहून टॅक्सी करून ती आली, चपला काढल्या, आपांना "सलाम आलेकुम" म्हणाली आणि टेबलाशी बसली.

"मला गाण्यातलं काही कळत नाही," तिनं आधीच सांगून टाकलं. "कोणाचे कागद, कुठून आले, कोणाला हवेत, एवढं सांगा."

देवदत्त पाइपलाइनची तपासणी करणारा इंजिनिअर. दीड वर्षापूर्वी अहमदीतला एक जुना स्टाफ बंगला रिकामा करताना माळ्यावर पत्र्याची ट्रंक सापडली. तो तिथं गॅसची लाइन बघायला गेला होता. ट्रंक भंगारात निघाली होती. वर स्वरलिपीचे कागद दिसले म्हणून त्यानं ती मागून घेतली. तो लहानपणापासून व्हायोलिन वाजवतो, स्वप्ना व्हियोला; त्या कागदांवरच्या रचनेच्या कार्यक्रमासाठी चौघा वादकांची तालीम आपांच्या फ्लॅटवर चाले.

"कागदांवर नाव होतं थिओफिलस क्वार्टी. घानाचा. तेव्हा त्या देशाला गोल्ड कोस्ट म्हणत. लंडनमध्ये संगीत शिकला, तिथल्या परीक्षा पहिल्या वर्गात पास झाला. एकदा, एकदाच, त्याची रचना मोठ्या वाद्यवृंदानं वाजवली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की एका काळ्या माणसाच्या मानानं काम आश्चर्यकारक नीटनेटकं आहे."

"मानानं," हफिजा म्हणाली.

"हो. पुढं त्यानं पाठवलेली प्रत्येक रचना परत आली. काही पाकिटं न उघडताच. ती सगळी ट्रंकेत आहेत. मग तो नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन म्हणून अहमदीला आला, चोपन्न साली. संध्याकाळी कंपनीच्या छापील फॉर्मांच्या कोऱ्या पाठीवर हे लिहीत बसला. दोन व्हायोलिनं, एक व्हियोला, एक चेलो. चार तारवाद्यांच्या अशा रचनेला क्वार्टेट म्हणतात. कुणी वाजवलं नाही. त्रेसष्टला गेला. मागं कुणी नव्हतं."

बोलताना देवदत्तचा हात त्या कागदांवरून असा फिरत होता, की जणू त्याखाली कुणी झोपलंय.

तिसरा भाग महिनाभरापूर्वी ट्रंकेच्या झाकणाच्या अस्तरात सापडला होता. देवदत्तनं पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो लंडनला डॉ. एफुआ ॲम्पोन्सांना पाठवले. दुर्लक्षित राहिलेल्या काळ्या संगीतकारांच्या रचना शोधून, पारखून छापणं हेच त्या बाईंचं आयुष्यभराचं काम. त्यांचं उत्तर त्यानं वाचून दाखवलं. बाकीचे तीन भाग अस्सल आणि उत्तम आहेत; पण तिसऱ्याचं अक्षर क्वार्टीचं नाही. शेवटी तारीख आहे 2/52, म्हणजे फेब्रुवारी बावन्न. कागद मात्र कुवेतमधल्या कंपनीचा, आणि बावन्न साली क्वार्टी कुवेतमध्ये नव्हताच. तेव्हा मूळ प्रत रविवारी कुरियरनं पाठवा. तपासते. न आल्यास हा भाग संशयित म्हणून बाजूला ठेवून उरलेले तीन छापावे लागतील.

"मधल्या चार पानांची नक्कल?"

देवदत्त ओशाळला. "पेन्सिल फार फिकी आहे हो. नीट स्कॅन होईपर्यंत उजेड नको म्हणून मीच कुणाला फोटो काढू दिले नाहीत."

"म्हणजे जगात ती चार पानं एकाच ठिकाणी आहेत," हफिजा म्हणाली, "आणि ते ठिकाण आपल्याला माहीत नाही."

मग तिनं तो दुधी कागद नाकाशी नेऊन हुंगला.

३

शुक्रवारी सकाळी या फ्लॅटवर दोघे येऊन गेले होते. चेलो वाजवणारा सुमेध जास्तीच्या खुर्च्या परत न्यायला आणि दुसरं व्हायोलिन वाजवणारे यूसुफसाहेब विसरलेला चष्मा घ्यायला. दोघे येऊन गेले तेव्हा आपा आतल्या खोलीत होत्या. दार मोलकरणीनं उघडलं.

सुमेध कांबळे एका भारतीय शाळेत संगीत शिकवायचा. बोलावल्यावर वीस मिनिटांत आला, आणि बसायच्या आधीच म्हणाला, "माझ्यावर संशय आहे ना? असायलाच हवा. तो भाग वगळा म्हणून काल मीच ओरडलो होतो."

"का ओरडलात?"

"कारण मला तो कच्चा वाटला. एका ठिकाणी व्हियोला अशी अडखळते की विद्यार्थ्यानं लिहिल्यासारखं वाटतं. हे बघा ताई, आमचं सगळ्यांचं त्या म्हाताऱ्यावर प्रेम बसलंय. पण प्रेमापोटी आपण सगळंच थोर म्हणत सुटलो, तर त्या पेपरवाल्यात आणि आपल्यात फरक काय? त्यानं मानानं नीटनेटकं म्हटलं, आपण मानानं महान म्हणायचं. दोन्ही दयाच. त्याला दया नको, कडक परीक्षक हवा. ती संधी त्याला कुणी दिलीच नाही."

हफिजाला हा तरुण आवडला. "म्हणजे डॉक्टरबाईंनी तो भाग तपासावा असं तुम्हाला वाटत होतं?"

"अर्थात! त्यांनी कच्चा म्हटला असता तर मी जिंकलो असतो. अस्सल म्हटला असता तर कान पकडून वाजवला असता." त्यानं टेबलाकडं पाहिलं. "आता काहीच होणार नाही."

"काल आणखी काही झालं? बारीकसारीक."

"चहा सांडला. पानं पहिल्यांदाच इथं टेबलावर मांडली होती. आपा ट्रे घेऊन आल्या आणि कप कलंडला. थोडक्यात वाचलं. मग त्या आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. आम्ही निघताना हाक मारूनही."

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला. हफिजानं तिकडं पाहिलं नाही.

४

यूसुफसाहेब कुवेती. सत्तरी ओलांडलेले. वडिलांचा मुंबईत खजुराचा व्यापार होता, त्यामुळे त्यांचं बालपण डोंगरीत गेलं होतं आणि हिंदी अस्सल मुंबईची होती. पांढऱ्या पायघोळ दिशदाशाची घडी सावरत ते बसले.

"बहनजी, मैंने नहीं लिया," ते म्हणाले. "पण घ्यावंसं वाटलं होतं, हे खोटं कसं बोलू?"

आणि मग त्यांनी सांगितलं. त्यांचे आजोबा मोती काढणाऱ्या गलबतावर गायचे. आजोबांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले. गलबतावर गाणारा गायचा आणि बाकीचे खलाशी त्याच्यामागे छातीतून एकच खोल सूर धरायचे, समुद्राच्या तळातून आल्यासारखा. "काल सुमेधचा चेलो तोच सूर धरत होता. मी वाजवायचं विसरलो. मी देवदत्तला म्हटलं, कार्यक्रमपत्रिकेत आमच्या खलाशांचा उल्लेख पाहिजे. तो म्हणाला, पुरावा काय? मला राग आला. मी चष्मा विसरून निघालो, इतका राग."

"पुरावा काय होता तुमच्याकडे?"

"तीच पानं! दुसरं काय?" ते हसले, पण डोळे भरले होते. "मैं अपना ही सबूत चुराऊँगा?"

ते गेल्यावर स्वप्ना हळूच म्हणाली, "ताई, दोघंही खरं बोलतायत असं वाटतंय. मग राहिलं कोण? मी आणि देवदत्त?"

"मला ते दोन फोटो दाखव," हफिजा म्हणाली.

५

देवदत्तच्या फोनवर पहिलं पान उघडलं. बारीक, उजवीकडं झुकलेलं शाईचं अक्षर. अधूनमधून पेन्सिलीच्या दुरुस्त्या, थरथरत्या.

"हे काय लिहिलंय सुरुवातीला?" हफिजानं बोट ठेवलं.

"ते? तारांचा आवाज दबवायला घोडीवर एक चिमटा लावतात, त्याला सॉर्दिनो म्हणतात. चिमट्यासह वाजवा, अशी ती सूचना. इटालियन भाषेत कॉन सॉर्दिनो. क्वार्टी बाकी भागांत पूर्ण शब्द लिहितो. इथं मात्र फक्त इंग्रजी सी आहे आणि त्याच्या डोक्यावर आडवी रेघ. डॉक्टरबाई म्हणाल्या, अशी खूण त्यांनी संगीतात कधी पाहिली नाही."

"आणि चिमटा काढा, असं सांगायचं तिथं?"

देवदत्तनं शेवटचं पान उघडलं. "इथं एस, आणि त्यावरही रेघ."

हफिजानं चष्मा पुसला. पुन्हा घातला.

"आणि हे बाजूचं चिन्ह? ३ सारखं?"

"ती व्हियोलाची चावी," स्वप्ना म्हणाली. "ओळीच्या सुरुवातीला काढतात. क्वार्टी ती दोन बारीक कंसांसारखी काढतो. इथं खरंच आपल्या मराठी तीनसारखी आहे, शेपटीसकट. गंमत आहे ना?"

तेवढ्यात फरहतआपा चहा आणि नानखटाई घेऊन आल्या. हफिजानं उठून ट्रे घेतला. नानखटाईच्या ताटाखाली दुधी रंगाचा बटर पेपर होता.

ट्रे ठेवायला ती शोकेसजवळ गेली. काचेमागं एक जुना फोटो होता. डोळे मिचकावणारं बाळ, बाळाला मांडीवर घेतलेला बारीक मिशीचा माणूस. बाळाच्या अंगात नुसतं झबलं, माणसाचा सदरा घामानं चिकटलेला, हातात ताडाचा पंखा. खालच्या पांढऱ्या पट्टीवर बारीक, उजवीकडं झुकलेलं इंग्रजी: फरहत 7/12, मग एक अक्षर, मग अब्बा.

"आपांचा वाढदिवस सात डिसेंबरला असावा, असं आम्ही समजायचो," स्वप्ना मागून म्हणाली. "एकदा केक आणला, तर आपा म्हणाल्या, मी फेब्रुवारीतली."

हफिजानं फोटोतल्या पंख्याकडं पाहिलं. घामेजल्या सदऱ्याकडं पाहिलं. मग अब्बा या शब्दाच्या आधीच्या अक्षराकडं पाहिलं. ती इंग्रजी सी होती. डोक्यावर आडवी रेघ असलेली.

"देवदत्त," ती वळून म्हणाली, "उद्या दुपारपर्यंत लंडनला काही कळवू नका. आणि आता सगळे घरी जा."

६

शनिवारी सुट्टी असूनही ती सकाळीच तळघरात गेली. खात्री असली तरी कागद बघितल्याशिवाय बोलायचं नाही, हा तिचा नियम. जुन्या फायलींच्या कपाटातून तिनं एक काढली, दुसरी काढली. रोग्याचं वय, औषधांचा काळ, नर्सच्या नोंदी. अर्ध्या तासात तिला हवं ते सापडलं आणि ती तशीच टॅक्सी करून बनेद अल-गारला आली. एकटी.

फरहतआपांनी दार उघडलं. त्यांचे डोळे सुजलेले होते. हफिजा त्यांच्याशी आपल्या घरच्या बोलीत बोलली.

"आपा, मी काय पोलीस नाय गो. चहा पिऊ?"

चहा झाला. मग हफिजा म्हणाली, "चोरी करणारा माणूस उरलेल्या कागदांमध्ये बटर पेपर घालून ठेवत नाय. जुनं पान पानाला घासून फाटू नये म्हणून जो तो घालतो, तो त्यांच्यावर जीव लावतो. आई तशी करते. नायतर मुलगी."

फरहतआपांनी कप खाली ठेवला.

"तुमची अम्मी नर्स होती?"

फरहतआपांनी मान खाली घातली आणि मग बांध फुटल्यासारखं सगळं बाहेर आलं. अम्मी नूरजहाँ परकार. रत्नागिरीच्या मराठी शाळेत शिकलेली, मुंबईत नर्सिंग केलेली. मुसलमानाची पोर परक्या पुरुषांची अंगं पुसते म्हणून घरच्यांनी नाव टाकलं. ती अहमदीच्या दवाखान्यात नोकरीला आली, इथंच लग्न केलं. फरहत तीन वर्षांची असताना तापानं गेली. फरहतला फुफूनं, म्हणजे अब्बांच्या बहिणीनं, गावी वाढवलं, आणि त्या फुफूनं अम्मीची पत्रं, वह्या, सगळं चुलीत घातलं. राहिला तो एक फोटो.

"सदुसष्ट वर्षांची झाले गो मी. अम्मीचा आवाज मला ठाव नाय. चेहरा ठाव नाय; त्या फोटोत ती नाय, तिनं तो काढला. मला तिचं अक्षर तेवढं ठाव हाय. दोन शब्द. रोज बघते. आणि परवा मी चहा घेऊन आले, आणि टेबलावर सहा पानं भरून तिचं अक्षर!"

"मग सांगितलंत का नाय?"

"काय सांगू? देवदत्तनं त्या रात्री ती चिठ्ठी वाचली, ती मी आतनं ऐकली. लंडनची बाई म्हणते, हे त्या माणसाचं नाय, दुसऱ्याच कुणाचं हाय. मी म्हटलं असतं माझ्या अम्मीचं अक्षर, तर त्याचं गाणं त्याच्याकडनं गेलं असतं. नायतर लोक म्हणाले असते, नर्सनं चोरलं. एक तर तो लबाड, नायतर ती. आणि रविवारी पानं विमानात बसून जाणार. मी म्हटलं, एक दिवस. एक दिवस उशाशी ठेवीन. मग देववेनाच."

हफिजानं त्यांचा हात धरला. "आपा, दोघांतलं कुणी लबाड नाय. आणि तेच मी दुपारी दाखवणार हाय. पण पानं तुम्ही स्वतः आणा. मी आणली तर ती सापडली म्हणतील. तुम्ही आणलीत तर ती आली म्हणतील."

फरहतआपा उठून खिडकीशी गेल्या. "आणि नाय आणली तर?"

"तर मी कुणाला काय सांगणार नाय," हफिजा म्हणाली, आणि ते खरं होतं. "पण मग तिनं काय केलं हेही कुणाला कळणार नाय. फुफूनं जाळलं, तुम्ही लपवलं."

ते बोलून झाल्यावर तिला वाटलं, फार कडक बोलले. पण शब्द परत घेता येत नव्हता.

७

दुपारी चौघे वादक टेबलाभोवती बसले होते. हफिजानं घड्याळ पाहिलं. आपांच्या खोलीचं दार बंद होतं.

"चोर कोण ते आधी सांगा," सुमेध म्हणाला.

"आधी पानं कुणी लिहिली ते," हफिजा म्हणाली. "डॉक्टरबाईंना ती खूण संगीतात कधी दिसली नाही, कारण ती संगीतातली नाहीच. ती दवाखान्यातली आहे. सीवर रेघ म्हणजे सह, एसवर रेघ म्हणजे विना. औषध दुधासह, औषध दुधाविना. जुन्या नर्सा दिवसात पन्नासदा लिहायच्या. तेव्हा कुणी चिमट्यासह असं तोंडी सांगितलं, तर नर्सचा हात सवयीनं काय लिहील?"

देवदत्त पुढं झुकला. "म्हणजे हे सांगून लिहवून घेतलंय?"

"तो सांगत होता, ती लिहीत होती. सुमेध, तुम्ही म्हणालात व्हियोला अडखळते. पहिल्या पानावर ती जागा आहे?"

सुमेधनं फोन ओढून घेतला, पान मोठं केलं. "ही बघा. इथं. पण इथं पेन्सिलीनं..." तो हळू आवाजात म्हणाला, "इथं दुरुस्ती केलीय. पेन्सिल इतकी फिकी आहे की आम्ही शाईच वाजवली. दुरुस्त केलेलं वाजवलं तर... अडखळत नाही."

"आणि दुरुस्तीतली ती व्हियोलाची चावी?" हफिजानं स्वप्नाला विचारलं.

"दोन कंसांसारखी!" स्वप्ना जवळजवळ किंचाळली. "वेडीवाकडी आहे, पण क्वार्टीचीच."

"थरथरते, कारण ती डाव्या हातानं काढलीय. जो माणूस दिवसभर नकाशे काढतो, तो दुसऱ्याकडून का लिहवून घेईल? आणि तेही नर्सकडून? उजवा हात जायबंदी असेल तरच."

"पण तारीख?" देवदत्त म्हणाला. "बावन्न साली तो इथं नव्हता."

हफिजानं पर्समधून एका जुन्या नोंदीची हातानं केलेली नक्कल काढली. रोग्याचं नाव तिनं वगळलं होतं. "आमच्या जुन्या फायलींत असं लिहितात. तीन छेद सात, म्हणजे तीन दिवस, कारण आठवड्याचे दिवस सात. सात छेद बारा, म्हणजे सात महिने. आणि दोन छेद बावन्न..."

"वर्षाचे आठवडे बावन्न," यूसुफसाहेब पुटपुटले. "दोन आठवडे."

"ती तारीख नाही. हा भाग दोन आठवड्यांत लिहून झाला, एवढंच तिनं शेवटी नोंदवलंय. औषधाचा काळ नोंदवतात तसं."

मग देवदत्तनं विचारलं, "आणि ती नर्स कोण?"

"व्हियोलाची चावी ३ सारखी काढणारी, म्हणजे मराठी शाळेत शिकलेली. त्यापुढचं मी सांगणार नाही."

मिनिट गेलं, दोन गेली. हफिजाच्या मनात आलं, आपलं गणित बरोबर आलं आणि माणूस चुकला.

मग दार उघडलं.

फरहतआपा केस विंचरून, नवी ओढणी घेऊन आल्या होत्या. सहा पानं त्यांनी दोन्ही तळहातांवर धरली होती. टेबलापाशी येऊन त्या म्हणाल्या, "हे माझ्या अम्मीनं लिहिलं. मी घेतलं होतं. देवदत्त, तुला जे बोलायचं ते बोल."

देवदत्त उठला. कालपासूनचा सगळा संताप त्याच्या चेहऱ्यावर होता. हफिजाला तो दिसला, आणि विरघळतानाही दिसला. त्यानं खाली वाकून आपांच्या पायाला हात लावला. "काय बोलू, आपा? तुमच्या अम्मी नसत्या तर हे आमच्यापर्यंत आलंच नसतं."

८

मधली चार पानं त्या दिवशी सगळ्यांनी पहिल्यांदा सावकाश वाचली. आणि तिथं जे होतं, त्याची हफिजालाही कल्पना नव्हती.

नूरजहाँनं स्वर लिहिले होतेच. पण घाईत, काय लिहायचं आणि काय नाही हे न कळून, तिनं क्वार्टीचं बोलणंही लिहून घेतलं होतं, आणि मग बारीक रेघेनं खोडलं होतं. रेघेखालून सगळं वाचता येत होतं. देवदत्त एकेक ओळ मराठीत सांगत गेला. *नाही सिस्टर, खाली, आणखी खाली. बंदरावर माणसं गुणगुणतात तसं.* यूसुफसाहेबांनी डोळे मिटून घेतले. *स्टोव्हनं भाजलेला हात ठणकतोय म्हणतात, थांबलो.* पुढच्या पानावर: *पुन्हा म्हणून दाखवा म्हणाले. मी म्हटलं मला गाता येत नाही. म्हणाले, खोटं.*

आणि पाचव्या पानाच्या तळाशी, न खोडलेलं: *मी म्हणून दाखवलं. म्हणाले, हेच ठेवूया.*

"काय ठेवलं?" फरहतआपांनी विचारलं. "कुठलं?"

स्वप्नानं पान जवळ ओढलं. त्या ओळीवर व्हियोलाचे चारच स्वर होते. आधीच्या ओळीत ते वेगळे लिहिले होते, डाव्या हाताच्या पेन्सिलीनं काट मारलेले. "हे," ती म्हणाली. "हे चार. त्यानं आपले काढून हे ठेवले."

डॉ. एफुआंचं उत्तर सोमवारी आलं. स्कॅन पुरेसे आहेत, मूळ पानं ज्यांची आहेत त्यांच्याकडंच राहू द्या, असं त्यांनी लिहिलं होतं. तिसरा भाग अस्सल, आणि त्यांच्या मते चारांतला सर्वांत धाडसी. 2/52 ही तारीख समजल्याबद्दल त्यांनी रेकॉर्ड विभागातल्या बाईंची माफी मागितली होती. चौथा भाग मात्र थोडा लांबला आहे, असंही स्पष्ट म्हटलं होतं. ते वाचून सुमेध सगळ्यात जास्त खूश झाला. "बघा," तो म्हणाला, "आता त्याला खरी परीक्षक मिळाली."

कार्यक्रम सालमियातल्या एका छोट्या सभागृहात झाला. दोनशे खुर्च्या, त्यातल्या साठेक रिकाम्या. इस्पितळातल्या नर्सा ड्यूटी संपवून गणवेशातच आल्या होत्या. पत्रिकेवर छापलं होतं: थिओफिलस क्वार्टी. खाली: तिसऱ्या भागाचं लेखन, स्टाफ नर्स नूरजहाँ परकार. त्याखाली खलाशांच्या गाण्याबद्दल यूसुफसाहेबांनी लिहिलेल्या दोन ओळी.

फरहतआपा पहिल्या रांगेत हफिजाशेजारी बसल्या होत्या. तिसरा भाग सुरू झाला. चेलोनं खोल सूर धरला, वर व्हायोलिनं दबक्या आवाजात एकमेकांना विचारत राहिली. हफिजाला गाण्यातलं कळत नव्हतं, तरी तिचे हात मांडीवर आपोआप उघडे पडले.

"ते चार स्वर कधी येणार?" आपांनी कानात विचारलं.

"स्वप्ना म्हणाली, मान वर करीन तेव्हा."

स्वप्नानं मान वर केली. बाकी तिघे थांबले. व्हियोला एकटीच चार स्वर बोलली, साधे, थोडे लाजल्यासारखे, कुणीतरी मला गाता येत नाही असं म्हणून झाल्यावर गावं तसे.

फरहतआपांनी हफिजाचा हात घट्ट धरला. "हा," त्या म्हणाल्या. "असा होता आवाज."